थोरल्याने आधी उठावे

साठी होते, पंचाहत्तरी होते, पुढे सहस्रचंद्रदर्शन येते. ऐंशी वर्षे भरून वर काही महिने गेले, म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्याचा हिशेब पुरा होतो. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांतून असे सोहळे पुष्कळ होतात, आणि ते व्हावेतच. लेकी-सुना, नातवंडे-पतवंडे जमतात, दिवे ओवाळले जातात, पंगती उठतात. परंतु अशा मांडवात गेलो की आमची नजर एकच गोष्ट शोधते : या म्हाताऱ्याची पाठची भावंडे आली आहेत काय? पुष्कळदा नसतात. विचारावे, तर कोणीतरी हळूच सांगते, "बांधावरनं वाजलंय, बारा वर्सं झाली." किंवा, "बहिणीनं सही दिली नाही, तेव्हापासून येणं-जाणं बंद."

आता प्रश्न असा की, उतारवयात तुटलेल्या भावंडांनी भेटावे तर कोणी कोणाकडे जावे? थोरला म्हणतो, मान माझा, त्याने यावे. धाकटा म्हणतो, चूक त्याची, मी का वाकू? असे म्हणता म्हणता दोघांपैकी एकाची तिरडी उठते, आणि मग दुसरा धावत येतो. त्या धावण्याचा काय उपयोग?

उत्तरासाठी लांब जायला नको. याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माउली ज्याला टेकून बसले असे आपण मानतो, तो पैसाचा खांब आजही तेथे आहे. परंपरेच्या गणनेने त्या वेळी निवृत्तिनाथ सतरा वर्षांचे, ज्ञानदेव पंधरा, सोपानदेव तेरा आणि मुक्ताई अकरा वर्षांची. डोक्यावर आईबापांचे छत्र नाही. थोरला भाऊ गुरू आणि पाठचा शिष्य. थोरपणाचा याहून मोठा मान कोणता असेल? परंतु त्याच घरात ज्ञानदेव एकदा लोकांच्या वागण्याने खिन्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावले ते सर्वांत धाकटीने. ताटीचे अभंग आपण सारेच म्हणतो. हाक मुक्ताईने बाहेरून मारली हे खरे. पण ताटी आतून उघडावी लागली. धाकट्याचे बोलणे कानावर घेणे, यातच थोरल्याचे थोरपण आहे.

या चौघांपैकी साठी कोणाचीच झाली नाही. शके १२१८ च्या कार्तिकापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत, सात-आठ महिन्यांत चौघेही गेले. आळंदी, सासवड, तापीकाठ आणि त्र्यंबकेश्वर अशी चार ठिकाणे झाली. तरी त्यांची भेट चुकलेली नाही. आषाढीच्या वाटेवर भंडीशेगावाजवळ माउली आणि सोपानकाका यांच्या पालख्यांची बंधुभेट होते. मुक्ताई तापीकाठाहून येते. आणि निवृत्तिनाथ? तो थोरला भाऊ दरसाल त्र्यंबकेश्वराहून निघून राहुरी, नगर, मिरजगाव अशी आपल्याच जिल्ह्याची वाट तुडवीत जातो. गुरू असूनही तो "मला भेटायला या" म्हणून घरी बसून राहत नाही. यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याचे वय जास्त, त्याने आधी उठावे. कारण त्याच्यापाशी मान पुष्कळ असतो आणि दिवस थोडे.

येथे कोणी म्हणेल, "झालं गेलं गंगेला मिळालं म्हणा, बोलवा, जेवू घाला, संपलं." आम्हाला हे पुरते पटत नाही. लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि साऱ्या देशात २००५ च्या कायदादुरुस्तीने मिळाला. तिने हक्कसोडपत्रावर सही केली तर ती तिच्या राजीखुशीने असावी. न केली तर तिचे माहेर तुटू नये. सही घेण्यापुरती बहीण आठवायची, आणि हिस्सा मागितला की तिचे नाव टाकायचे, ही माया नव्हे. असा अन्याय उरात ठेवून मांडवात तिला साडी नेसवली, तर ती भेट नसून सौदा आहे. हिशेब चोख करावा आणि हातही धरावा. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

उलट, हिशेब मिटेपर्यंत भेटायचे नाही हेही खोटे. बांधाचा दावा कचेरीत चालत राहील. तेवढ्यासाठी भावाच्या आजारपणाला जायचे टाळू नये. एका आईच्या दुधावर वाढलेल्यांना भेटायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून ज्या घरी यंदा असा सोहळा असेल, त्या घरच्या थोरल्याला आमची विनंती आहे. पत्रिका टपालाने धाडू नका, नातवाच्या हातीही देऊ नका. काठी घ्या, एस. टी. त बसा, आणि ज्या दारात बारा वर्षे पाऊल टाकले नाही, त्या दारात स्वतः उभे राहा. हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणता. त्यातल्या पहिल्या काही पौर्णिमा ज्यांच्याबरोबर एकाच अंगणात पाहिल्या, त्यांना आणायला जावे.