गरिबीचे स्मरण आणि अपरिग्रहाचे पुण्य

बालपणी सोसलेल्या गरिबीकडे माणूस प्रौढपणी मागे वळून पाहतो तेव्हा तो तिला पुष्कळदा 'संस्कार' म्हणतो, आणि त्या म्हणण्याला धर्मविचाराचा आधारही सहज मिळतो. कारण योगसूत्रांनी पाच यमांमध्ये, म्हणजे आचरणाच्या मूलभूत संयमांमध्ये, अपरिग्रहाची, म्हणजे गरजेपलीकडे काही न साठवण्याची, गणना केली आहे. परंतु अपरिग्रह हा ज्याला साठवता येते त्याने केलेला त्याग असतो, तर मुलाने उपाशीपोटी झोपणे हा त्याग नव्हे, ती केवळ उपासमार होय. हा भेद कोणीही मान्य करील. खरा अवघड प्रश्न त्यापुढचा आहे: जी गरिबी स्वेच्छेची नव्हती तिला स्मरणात पावित्र्य येऊ शकते काय, आणि येत असेल तर ते कोणाच्या गरिबीला येते?

या प्रश्नाचा विचार करण्यास म्हैसूर हे शहर विशेष सोयीचे आहे. शहराच्या पश्चिमेकडील विजयनगर या वसाहतीपासून जवळच मानसगंगोत्री, म्हणजे म्हैसूर विद्यापीठाचा पदव्युत्तर परिसर आहे, आणि या विद्यापीठाशी संबंध असलेल्या दोन कन्नड लेखकांनी आपले निर्धन बालपण आत्मचरित्रात मांडले आहे. एक 'भित्ती' लिहिणारे एस. एल. भैरप्पा (1931–2025), ज्यांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठीत रुळल्या. दुसरे येथे कन्नडचे प्राध्यापक राहिलेले अरविंद मालगत्ती, ज्यांचे 'गव्हर्नमेंट ब्राह्मण' 1994 मध्ये प्रसिद्ध झाले.

भैरप्पांची आई आणि भावंडे प्लेगने गेली, मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण रेटले, आणि मध्येच ते सोडून मुंबईत रेल्वे स्थानकावर हमाली करीत असताना साधूंच्या एका जथ्याबरोबर ते काही महिने भटकले. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काहीच नव्हते असा हा तरुण संन्यासाच्या वाटेला लागला आणि परत म्हैसूरला येऊन तत्त्वज्ञान शिकू लागला, ही घटना या चर्चेच्या दृष्टीने फार बोलकी आहे. लादलेली गरिबी आणि पत्करलेला त्याग एकाच जीवनात इतक्या जवळ आले, तरी एकाचे दुसऱ्यात रूपांतर झाले नाही.

त्या काळच्या समाजात निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्यासाठी वारान्नाची सोय होती. वारान्न, म्हणजेच महाराष्ट्रात ज्याला वार लावून जेवणे म्हणत ती पद्धत, अशी असे की आठवड्याचे सात वार सात घरे वाटून घेत आणि मुलगा ज्या दिवशी ज्या घरचा वार त्या घरी जेवी. यजमान गावाला गेला वा घरात सुतक आले की तो वार बुडे, आणि कुठे पाणी भरणे, कुठे देवपूजेची तयारी करणे अशी बिनबोलाची परतफेडही असे. त्यातील अपमान लहान नव्हते. तथापि मुंजीतच बटू पहिली भिक्षा आईकडे मागत असल्यामुळे, म्हणजे ब्रह्मचाऱ्याचे मागणे हे शास्त्राने सांगितलेले व्रतच असल्यामुळे, मुलाला या मागण्यासाठी एक तयार अर्थ उपलब्ध होता. पुण्यातील माधुकरीच्या, म्हणजे झोळी घेऊन घरोघरी मागितलेल्या अन्नाच्या, आठवणी मराठी आत्मचरित्रांत एका अभिमानासह येतात, त्याचे मूळ येथे आहे.

आता याच्या शेजारी येसकर ठेवून पाहावा. येसकर म्हणजे गावकीच्या कामाच्या पाळीवर असलेला महार. तो वेस राखी, सांगावे पोहोचवी, आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी गोळा करी. दया पवारांच्या 'बलुतं'ने (1978) ज्या जगाचे दर्शन मराठी वाचकाला घडविले त्या जगातील ही भाकरी कष्टाची होती, म्हणजे काटेकोर हिशेबाने माधुकरीपेक्षा ती अधिक हक्काची. आणि तरीही विद्यार्थ्याची झोळी व्रत ठरली व येसकराची भाकरी हीनतेची खूण. अन्न त्याच गावचे आणि भूकही तीच असताना धर्माने एका घेणाऱ्याला प्रतिष्ठा दिली व दुसऱ्याला नाकारली. म्हणूनच 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी शिळ्यापाक्या तुकड्यांचे अन्न सोडून देण्यास सांगितले, ते स्वाभिमानासाठी होते.

मालगत्तींच्या ग्रंथाचे शीर्षक याच ठिकाणी बोट ठेवते. सरकारी मदतीवर शिकणाऱ्या दलित विद्यार्थ्याला 'सरकारचा ब्राह्मण' म्हणून हिणवले जाई. दान घेणे हा ज्याचा परंपरागत मान समजला गेला त्याच वर्णाचे नाव, कायद्याने मिळणारी मदत घेणाऱ्यासाठी टोमणा झाले.

देण्याघेण्यातील ही विषमता धर्मविचाराच्या लक्षात आलेलीच नव्हती असे मात्र नाही. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरण परंपरेने कायक, म्हणजे प्रत्येकाचे श्रम हीच उपासना, आणि दासोह, म्हणजे देणाऱ्याने स्वतःला दास मानून केलेले वितरण, या कल्पना मांडल्या. आजही म्हैसूरच्या त्याच विजयनगर वसाहतीतील योगनरसिंह मंदिरात नववर्षाच्या दिवशी लाखाहून अधिक लाडू प्रसाद म्हणून वाटले जातात, आणि त्या रांगेत कोणी याचक नसतो. प्रसादात दाता देव असल्याने घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मात्र प्रसाद हा एका दिवसाचा असतो, आणि मुलाची भूक रोजची.

तेव्हा गरिबीने माणूस घडतो, हे विधान अपुरे आहे. घडवते ती गरिबीत मिळालेली प्रतिष्ठा, आणि ती जेथे मिळाली नाही तेथे तीच गरिबी संताप आणि लाज मागे ठेवते. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, या गोष्टीवर आंबेडकरांनी 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या 1957 च्या ग्रंथात दिलेला भर म्हणून रास्त वाटतो. आपल्या गरीब बालपणाला संस्कार म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने 'भित्ती' आणि 'गव्हर्नमेंट ब्राह्मण' एकापाठोपाठ एक वाचावीत, आणि मगच तो शब्द वापरायचा की नाही हे ठरवावे.