पाच वारसांचा समुद्र

बाप गेला की शेताची वाटणी होते, मध्ये बांध पडतो. पण विहीर कापता येत नाही. तिथे पाळी ठरवावी लागते आणि भांडण बहुधा तिथेच लागते. कॅस्पियनची हकीकत वाचताना मला ती विहीरच आठवते.

1991 पर्यंत या पाण्याचे वारस दोनच होते, इराण आणि सोव्हिएत संघ. संघ फुटला आणि रशिया, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान व इराण असे पाच झाले. मग वाद निघाला : हा समुद्र की तळे? समुद्र मानला तर किनाऱ्याच्या लांबीप्रमाणे हिस्सा. तळे मानले तर सारखी वाटणी किंवा सामाईक वहिवाट. किनारा कमी असलेला इराण एक पंचमांशावर अडून बसला. (आपण उर्दूत सहज 'बहीरा' म्हणतो. मूळ अरबी 'बुहैरा' म्हणजे छोटा समुद्र, तळेच! आणि 'खजर' हे नाव ज्या लोकांवरून पडले, ते तर केव्हाच नाहीसे झाले.)

हा तंटा चालू असताना तिथल्या स्टर्जन माशाचे काय झाले ते पाहा. हा मासा अनेक दशके जगतो, अंडी घालायला व्होल्गा, उरल अशा नद्यांत चढतो. सरहद्द त्याला ठाऊक नाही. त्याची अंडी म्हणजे जगातले महागडे कॅव्हियार. 1991 नंतर चोरटी मासेमारी बेसुमार वाढली. प्रत्येकाच्या तोंडी एकच युक्तिवाद : मी सोडला तर शेजारी पकडेलच. वरवर पाहता यात चूक दिसत नाही. एकट्याने हात आवरला म्हणून मासा वाचतो थोडाच? पण शेजारीही हेच म्हणत असतो, आणि त्याच्या वाक्यातला 'शेजारी' मी असतो. ज्याच्या बेइमानीची मी सबब सांगतो तो माणूस मीच, एवढे कळले तरी त्या युक्तिवादातली हवा निघून जाते.

नवल असे की, पाणी कोणाचे हे ठरण्यापूर्वीच या पाचांनी ते घाण करायचे नाही असे कबूल केले. पर्यावरणाचा तेहरान करार 2003 चा. मालकीचा करार अकताऊत झाला तो 2018 मध्ये. त्यात प्रत्येकाला किनाऱ्यापासून 15 सागरी मैल स्वतःचे, पुढचे 10 मासेमारीसाठी, उरलेला पृष्ठभाग सामाईक. तळाखालचे तेल आणि वायू मात्र ज्याने त्याने शेजाऱ्याशी बोलून वाटून घ्यायचे. सामाईक ठेवले ते पाणी. पैसा वाटणीला काढला. मला हे खटकते, पण तंट्यापेक्षा ते बरे हेही मानावे लागते.

आता पाणीच उतरते आहे. कॅस्पियनला मिळणारे सुमारे 80 टक्के पाणी एकट्या व्होल्गाचे. तिच्यावर रशियाची धरणे आहेत, आणि वाढत्या उष्म्याने बाष्पीभवनही वाढले आहे. उत्तरेकडचा भाग तर सरासरी पाचेक मीटरच खोल. तिथे किनारा मैलोगणती मागे हटला. करारात किनाऱ्याची रेघ बाल्टिक समुद्राच्या पातळीखाली 28 मीटरवर धरली आहे. पाणी आज 29 च्याही खाली गेले आहे. कागदावरचा किनारा अजून तिथेच आहे, आणि 15 मैल तिथूनच मोजायचे आहेत.