काळजी की पहारा?



गुरुवारच्या सत्संगानंतर चहा होतो, तेव्हा आम्हा बायकांत एक विषय हमखास निघतो. घरातली शुगर! कुणाच्या यजमानांना आहे, कुणाच्या सासऱ्यांना, कुणाला स्वतःलाच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं म्हटलं आहे, म्हणजे हा दोन-चार घरांचा विषय राहिलेला नाही. या गप्पांत पथ्याच्या कृती पुष्कळ मिळतात. पण त्यांच्या खाली एक प्रश्न असतो, तो कुणी उघड विचारत नाही. नवऱ्यानं तोंडाकडे नेलेला हात धरायचा अधिकार बायकोला आहे का?

एक बाजू सरळ आहे. शरीर त्यांचं, जीभ त्यांची, वय साठीचं. दुसरी बाजूही तितकीच खरी. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की डोळे, किडनी, पायाच्या नसा यांना धक्का पोचतो आणि तो भोग एकट्याचा राहत नाही. डायलिसिसला घेऊन जाणारं माणूस घरातलंच असतं. तेव्हा “त्यांचं ते बघतील” म्हणून हात झटकणं ही काही अलिप्तता नव्हे.

मला वाटतं, इथे स्वयंपाकघर आणि तोंड या दोन जागा वेगळ्या धरल्या पाहिजेत. घरात काय शिजतं ते बहुतेक घरांत आपणच ठरवतो. तो अधिकार आहे, तशी जबाबदारीही आहे. ताटात भात कमी, उसळ-भाजी-कोशिंबीर जास्त, आणि हे सगळ्यांच्याच ताटात. “पेशंटचं ताट” वेगळं मांडलं की माणूस घरात असून पंगतीबाहेर बसतो. पण ताट वाढून झालं की आपला अधिकार संपतो. घास त्यांचा.

एक ताई म्हणाल्या, “अहो, लहान मुलासारखे वागतात, मग पहारा ठेवावाच लागतो!” त्यांची तगमग कळते. पण पहारा आपली नजर पोचते तिथपर्यंतच चालतो. आमच्या इंदुरात सकाळ पोहे-जलेबीनं उजाडते आणि रात्र सराफ्यात मावळते. कुठे कुठे मागे जाणार? आणि पहाऱ्यातला माणूस पथ्य शिकत नाही, लपवायला शिकतो.

लपवण्याचा धोका गोडापेक्षा कमी नाही. बाहेर खाल्लेलं सांगितलं नाही, पण एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवतेच. ती वाढलेली दिसते, डॉक्टरांना वाटतं औषध कमी पडतंय, डोस वाढतो. मग चार दिवस खरंच कडक पथ्य पाळलं की त्याच डोसनं साखर एकदम खाली येऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर. म्हणून आपल्या रागाची भीती वाटून घरात खोटं बोललं जात असेल, तर तो राग कितीही प्रेमाचा असला तरी औषधाच्या आड येतो.

आमच्या ह्यांना अकरा वर्षं झाली. त्यांनी मला एवढंच सांगितलं, “आठवण कर, पण चारचौघांत नको.” आता रविवारी सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या तेच भरतात. मी फक्त रात्री कप्पा रिकामा झाला का बघते. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पानाकडे बघत नाही. घरी आल्यावर तेच सांगतात काय खाल्लं, आणि मी ऐकून घेते. ते ऐकून घेणं गप्प बसण्यापेक्षा अवघड आहे, हेही सांगते.

आता आपल्या मंडळींत नेहमी अडणारी गोष्ट, प्रसाद. “प्रसादाला नाही म्हणू नये” असं म्हणत आपण वाटीभर शिरा पुढे करतो. प्रसाद कणभरही पूर्णच असतो. वाटीभर झाला की ते पक्वान्न. सेवेकऱ्यांनी आग्रह करू नये, ही माझी हात जोडून विनंती. आग्रहानं दुसऱ्याचं पथ्य मोडणं ही भक्ती कशी? “गुळाचं आहे, चालतं” हेही मनातून काढून टाकू या. गूळ, मध, साखर तिन्हींनी शुगर वाढते.

एकादशीचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जायची भीती. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं ठरवावं. गीतेत ‘युक्त’ आहाराची गोष्ट आहे, त्यात अति खाणं जसं बसत नाही तसं मुळीच न खाणंही बसत नाही.

आणि कधी उलटंही करावं लागतं. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, मीटरवर ७० च्या खाली आकडा. अशा वेळी तीच साखर औषध होते. तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून लगेच द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. एरवी साखरेचा डबा मागे सरकवणारा हात त्या क्षणी तोच डबा उघडतो. नियम माणसासाठी असतो, हे तेव्हा कळतं.

या आठवड्यात एवढं करून बघू या. ज्यांची काळजी वाटते त्यांनाच विचारायचं, “मी काय केलेलं तुम्हाला बरं वाटेल, आणि काय नको?” उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि भगिनींनो, त्यांची तपासणी कराल तेव्हा स्वतःचीही करून घ्या. आपणही कुणाच्या तरी काळजीचा विषय आहोतच.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. 🙏