अंतर कशाने मोजावे?

नकाशावर मुंबई आणि कराची यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ८८० किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्ली याहून दूर, साधारण १,१५० किलोमीटर. तेथे विमान दोन तासांच्या सुमारास पोचते. तेव्हा कराचीस दीड तास पुरावा, हे त्रैराशिक शाळकरी मुलगाही मांडील. पण आज या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. परवाना मिळवून निघालेला प्रवासी बहुधा आधी सुमारे १,९०० किलोमीटरांवरील दुबई गाठतो, तेथे तिष्ठतो आणि मग उलट पूर्वेकडे वळतो. दीड तासाच्या वाटेत त्याचा दिवस मोडतो.

यंत्रे मंद होती तेव्हा असे नव्हते, हे विशेष. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन सकाळी कराचीहून निघाले, वाटेत अहमदाबादेस थांबले आणि त्याच दुपारी जुहूस उतरले. त्या विमानाचा वेग आजच्या विमानाच्या पाव हिश्शाइतकाही नसेल. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. कराचीतील एका जुन्या शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे, ते याच निकटपणाचे अवशिष्ट चिन्ह होय.

वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा, यांची गणना गुणांत केली. पण पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवाचून ते उत्पन्न होत नाहीत, असेही सांगून ठेविले. (कांटलाही येथे बोलावता आले असते, पण एका विमानासाठी त्यास इतक्या दूर आणणे बरे नव्हे.) आमच्या उदाहरणात ही अपेक्षाबुद्धी प्रवाशाची नसून दोन राज्यांची आहे, आणि म्हणूनच प्रश्न तर्काचा न राहता नीतीचा होतो.

येथे कोणी २६ नोव्हेंबर २००८ची आठवण देईल, आणि ती दिलीच पाहिजे. त्या दिवशी कराचीहून समुद्रमार्गे निघालेले दहा सशस्त्र इसम मुंबईत उतरले आणि १६६ माणसे प्राणांस मुकली. ज्याचे घर असे रक्ताने माखले, त्याने दाराला कडी घातली तर त्यास दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. प्रवाशाची कसून चौकशी करा, परवान्यासाठी त्यास महिनोन्‌महिने खोळंबवा. हे सारे संरक्षणाच्या सदरात मोडते आणि मला मान्य आहे.

माझी शंका त्यापुढची आहे. ते दहा जण तिकिटे काढून आले नव्हते. उलट, फाळणीने पलीकडे राहिलेल्या बहिणीस भेटावयास निघालेली वृद्धा चौकशीच्या सर्व चाळण्यांतून जाते आणि तिच्या हाती परवाना पडतो. ती निरुपद्रवी आहे, असा निर्वाळा राज्यानेच दिलेला असतो. त्यानंतर तिला दुबईचा वळसा घालावयास लावून कोणाचे संरक्षण होते? एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या विमानांस आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना परस्परांवरील रोष दाखवावयाचा होता, हे उघड आहे. राज्यांना रोष दाखविण्याचा अधिकार असेलही. परंतु तो त्या वृद्धेच्या पायांनी चालून दाखविण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.