तारीख कुणाची?

निकालाची तारीख फळ्यावर लिहिताना दरवेळी माझा हात थोडा थबकतो. माझे पेपर वेळेवर तपासून होतील. पण गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांचे? तारीख मी लिहितो, पाळायची मात्र सर्वांनी. दुसऱ्याच्या कष्टांवर उभा असलेला वादा करण्याचा हक्क मला आहे काय?

हाच प्रश्न एका वेगळ्याच जगात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. ते जग मुक्त सॉफ्टवेअरचे. तिथला प्रोग्रॅम कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही लिनक्स प्रणाली जगभरातले सुमारे हजार स्वयंसेवक सांभाळतात. तिच्याच पायावर २००४ साली उबुंटू उभी राहिली. उबुंटूच्या मागे कॅनॉनिकल ही कंपनी आहे. नाते जवळचे, पण स्वभाव वेगळे. उबुंटू दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. डेबियनचे उत्तर वर्षानुवर्षे एकच होते: तयार होईल तेव्हा.

हे उत्तर प्रामाणिक आहे. कच्चे काम पक्के म्हणून देणे ही फसवणूकच. पण त्याचीही किंमत असते. डेबियनची एक आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षे तिच्यावर विसंबलेली माणसे वाट पाहत राहिली. उलट, तारीख पाळणारेही नेहमी उतावळे नसतात. उबुंटूची एक आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. काम कच्चे आहे असे दिसताच त्यांनी आधी जाहीर करून ती सहा आठवडे पुढे ढकलली. वेळेवर सांगितलेला उशीर हा वादाखिलाफीत मोडत नाही, असे मला वाटते.

खरी कसोटी २००९ च्या जुलैत लागली. आवृत्ती निघण्यापूर्वी एक दिवस असा येतो की त्यानंतर नवे काही घ्यायचे नाही, फक्त दोष दुरुस्त करायचे. त्याला 'फ्रीज' म्हणतात. डेबियन आणि उबुंटू यांचे फ्रीज जवळ आले, तर दोघांकडे मूळ प्रोग्रॅमच्या सारख्याच आवृत्त्या राहतील आणि एकाने काढलेला दोष दुसऱ्याचेही कष्ट वाचवील. विचार उत्तम होता. डेबियनच्या प्रकाशन समितीने जाहीर केले की, यापुढे दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये फ्रीज, आणि पहिला याच डिसेंबरात. स्वयंसेवकांत असंतोष उसळला. आम्हांला विचारले कुणी? हाती घेतलेली कामे पाच महिन्यांत कशी संपवायची? हे वेळापत्रक आमच्या सोयीचे की शेजाऱ्याच्या? काही दिवसांतच समितीला ती तारीख मागे घ्यावी लागली. फ्रीज झाला ऑगस्ट २०१० मध्ये, आणि आवृत्ती आली फेब्रुवारी २०११ मध्ये.

एवढ्यावर कुणी म्हणेल, स्वयंसेवकांना शिस्त नको होती. पुढचा इतिहास तसे सांगत नाही. पुढच्या आवृत्तीसाठी फ्रीजचा महिना वर्षभर आधी सांगितला गेला, जून २०१२, आणि तो पाळलाही गेला. त्यानंतर २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२१, २०२३, २०२५ अशा दर दोन वर्षांनी डेबियनच्या आवृत्त्या आल्या. म्हणजे भांडण तारखेशी नव्हते. तारीख कशी ठरली, याच्याशी होते.

पगार देणारा मालक तारीख लादू शकतो. जो मोफत राबतो, त्याच्याजवळ वेळ हीच त्याची दौलत असते. तिचा हिशेब दुसऱ्याने परस्पर मांडला, तर हेतू कितीही नेक असो, ती खयानतच ठरते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आपल्या कामावर कुणी विसंबले असेल, तर "माझी मर्जी" एवढे उत्तर पुरत नाही. मोबदला घेतला नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. विसंबणाऱ्याला निदान आपला अंदाज कळवावा, आणि चुकलाच तर आधी सांगावे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.

आता फळ्याकडे वळण्याआधी मी शिक्षकांच्या खोलीत जातो. तिथे बसून गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतो, तुम्हांला किती दिवस लागतील? तारीख दोन दिवस पुढे जाते. पण ती आमची सर्वांची असते.