श्वास, चित्त आणि दामाजींचे कोठार

विद्यार्थ्यांच्या मनावरील ताण हलका व्हावा म्हणून महाविद्यालयांतून प्राणायाम व ध्यान शिकवावे, ही सूचना हल्ली सर्वत्र ऐकू येते. आणि मंगळवेढ्यासारख्या प्रांतात, जेथे कोरडवाहू ज्वारीच्या पिकावर मुलाच्या शिक्षणाचा खर्च अवलंबून असतो व पदवी, पुढची स्पर्धापरीक्षा आणि घरचे कर्ज ही तिन्ही ओझी पुष्कळदा एकाच पोराच्या शिरावर येतात, तेथे ती उपेक्षणीय खचित नाही. परंतु पतंजलींनी ज्या साधनेचे पर्यवसान कैवल्यात मानले, ती गुणपत्रिकेच्या धास्तीवर उतारा म्हणून योजणे हा तिचा अवमान नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. उच्छ्वास लांबविला असता हृदयाची गती मंदावते, हा देहाचा धर्मच आहे. आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना शास्त्रीय कसोटी लावली, तेव्हा त्यांचे पावित्र्य यत्किंचितही उणावले नाही. मिनिटास सहाच्या सुमाराने, नाकाने, बळजबरी न करता श्वास घ्यावा. नवशिक्याने कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या, भानगडीत पडू नये. आणि डोळे मिटताच ज्याची घालमेल वाढते त्याने ते खुशाल उघडे ठेवावेत. ज्यास हेही अवघड वाटेल त्यास नाम आहेच! ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे सविस्तर विवेचन असूनही वारकऱ्यांनी नामाचीच वाट धरली, आणि अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले गुरुदेव रानडे विजापूरकडील निंबाळला नामध्यानातच रमले.

धोका आहे तो निराळाच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांविषयी परंपरा सांगते की, दुष्काळात बेदरच्या बादशहाच्या हुकुमाची वाट न पाहता त्यांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेस खुली केली. विठ्ठलचिंतनात निमग्न असलेल्या या अंमलदाराने भुकेल्या माणसांना चित्त स्थिर ठेवण्याचा उपदेश केल्याचे कोठे ऐकिवात नाही. तेव्हा निकाल लांबविणाऱ्या आणि शिष्यवृत्तीचे कागद अडवून ठेवणाऱ्या दफ्तरांनी विद्यार्थ्यास दीर्घ श्वास घेण्याची शिफारस करून आपली जबाबदारी झटकू नये.

आणि झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणेच नकोसे वाटू लागले, तर श्वासाच्या भरवशावर न राहता वैद्यास गाठावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.