इयादतीची व्यवस्था कोणी पाहायची?



आजारी माणसाची विचारपूस, म्हणजेच इयादत, हा एका मुस्लिमाचा दुसऱ्या मुस्लिमावरील हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘सहीह मुस्लिम’मधील एका हदीसचा आशय तर काळजाचा थरकाप उडविणारा आहे. कियामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की, मी आजारी असताना तू मला भेटायला का आला नाहीस? दास गोंधळेल. तेव्हा त्याला सांगितले जाईल की, माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. स्तनाचा कॅन्सर हा भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. तरी आपल्या घरांत त्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. गाठ हाताला लागल्यावरही कित्येक भगिनी संकोचापायी गप्प राहतात. शस्त्रक्रिया झाली की मात्र घर पाहुण्यांनी भरते. कोणी नुस्खा सुचवितो, कोणी याच आजाराने वारलेल्या नातलगाची कहाणी ऐकवितो, तर कोणी ही एखाद्या गुन्ह्याची शिक्षा असल्याचेही सूचित करून जातो. (हजरत अय्यूब (अ.) यांचे आजारपण अशांना आठवत कसे नाही?) काही दिवसांत वर्दळ ओसरते. केमोथेरपीचे लांबलचक महिने सुरू होतात, केस गळू लागतात आणि ती भगिनी एकटी पडते.

अशा वेळी तिला हवी असते ती याच वाटेने चालून आलेली दुसरी स्त्री. 1952 साली अमेरिकेत टेरेस लॅसर या महिलेवर स्तनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे कसे जगायचे, हे सांगणारे कोणी तिला भेटले नाही. बरी झाल्यावर ती स्वतःच अशा रुग्णांना भेटू लागली. काही डॉक्टरांना ते रुचले नाही, तरी ती थांबली नाही. 1969 साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपल्याकडे घेतले आणि पुढे ते अनेक देशांत पोहोचले.

आपल्यासाठी ही गोष्ट परकी नाही. खंदकच्या युद्धात हजरत सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना मस्जिदे नबवीतील तंबूत ठेवण्यात आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांची इयादत जवळून करता यावी, हा त्यामागील हेतू होता. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचा तो तंबू होता, असे सीरतकार सांगतात. प्रेषितांनी (स.) केवळ सहानुभूती व्यक्त केली नाही, जागा ठरविली, माणूस नेमला.

आपण नेमके येथेच कमी पडतो. दहा भगिनी मदतीला तयार असतात, परंतु कोणाकडे कोणी जायचे, हे पाहणारे कोणी नसते. हे काम एका विश्वासू भगिनीने अंगावर घ्यावे. तिने प्रथम रुग्णाची संमती घ्यावी. नातेवाईकांची संमती पुरेशी नाही. मग वय, भाषा, शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहून जोडी जमवावी. लहान मुलांच्या आईकडे शक्यतो तशीच आई पाठवावी. जिचे स्वतःचे उपचार नुकतेच संपले आहेत, तिला घाईने पाठवू नये. औषधांबाबत सल्ला द्यायचा नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. मात्र हाताला सूज आल्यास दुर्लक्ष न करता रुग्णालयात दाखव, हे जरूर सांगावे. रमजानचे रोजे सुटल्याने रुग्ण स्वतःला दोष देत असेल, तर पवित्र कुरआनने आजाऱ्याला दिलेली सवलत तिला आठवण करून द्यावी. पट्टीवरून मसह, तयम्मुम यांविषयीचे प्रश्न आलिमांकडे न्यावेत.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे गुप्तता. रुग्णाने सांगितलेले तिचे शरीर, तिचा संसार, पतीचे वागणे ही अमानत आहे. ती सासूच्या कानी गेली, तर पुढे कोणतीही भगिनी या दारात येणार नाही. ज्यांना गोष्ट पोटात ठेवता येत नाही, त्यांना आदराने डबे पोहोचविण्याचे काम द्यावे.

आणि भेटीला जाणाऱ्या भगिनीचे काय? एखादी रुग्ण दगावते, तेव्हा तिच्या मनात स्वतःच्या आजाराची भीती पुन्हा जागी होते. त्या रात्री तिला फोन करणे, काही महिने तिला विश्रांती देणे, हेही व्यवस्था पाहणारीचेच काम.

तुमच्या ओळखीत उपचार पूर्ण केलेली एखादी भगिनी असेल. येत्या जुम्याआधी तिच्याकडे जा आणि विचारा, त्या दिवसांत तुला कोण यायला हवे होते?